चौतीस टर्की

॥ श्री देवी सातेरी प्रसन्न ॥

१५ सप्टेंबर २०२५, सोमवार. अविधवा नवमी.

सासूबाईंची तिथी. पहाटे खीर, वडे, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी. पान मागच्या कठड्यावर ठेवून तास झाला तरी कावळा नाही. मागच्या वर्षी हाकलावे लागत होते. हे निघताना म्हणाले, "आये रागावली असतली तुझ्यार." थट्टाच, पण मला लागली.

मग टर्कीच्या पिंजऱ्यातून काव काव ऐकू आली. बघते तर छताच्या जाळीत एक कावळा पाय अडकून उलटा लोंबतोय. आजच्या दिवशी, आणि पान वाढलेलं असताना. मला राहवलं नाही. पिंपावर चढले आणि स्वयंपाकघरातल्या कात्रीने जाळीची घरं कापली. पाय मोकळा होईपर्यंत सुपाएवढं भोक पडलं. कावळा उडाला, माडावर बसला, आणि थोड्या वेळाने सरळ पानावर. वड्याला चोच लावली. मी हात जोडले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं.

भोक परकराच्या जुन्या नाडीने आडवं-उभं बांधून टाकलं. नाडी टाकून दिली नव्हती ते बरं झालं. ह्यांना सांगितलं नाही. पिंजऱ्याला चारा घालणाऱ्या हुसेनशिवाय कुणी हात लावायचा नाही असा अर्बाबचा, म्हणजे बागेच्या मालकाचा, हुकूम आहे. आणि टर्की म्हणजे जमिनीवरचं पाखरू, पाच-पाच किलोचं धूड. ते काय वर उडणार आहे.

१७ सप्टेंबर, बुधवार. एकादशी.

टर्की गेले. चौतीसच्या चौतीस.

सकाळी धुकं एवढं होतं की विहिरीचा पंपही दिसत नव्हता. हुसेन पळत आला. हे तसेच अनवाणी गेले. आले ते तासाभराने. चहा ठेवला तो तसाच निवला.

ही पाखरं अर्बाबने डिसेंबरसाठी आणलेली. हॉटेलवाल्यांना शब्द दिलेला. इथे अरबी मुलखात, सलालाहच्या डोंगराखाली एवढी मोठी बाग, माड, केळी, पपया, पण अर्बाबचा जीव ह्या काळ्या टर्कींत. गळ्याखाली लाल लोळी लोंबते, बघून मला कसंसंच होतं. तो मात्र येतो, आधी पिंजऱ्याशी उभा राहतो, मग आम्हाला सलाम.

दुपारी गुलजार आला. हा पाकिस्तानातला, मुलतानकडचा, ट्रॅक्टर चालवतो. म्हणाला, "भाभी, मिल गए. वादी में, पेड़ के ऊपर बैठे हैं, गिद्धों की तरह." मी म्हटलं, टर्की झाडावर कसा चढेल. तो हसला. "चढ़ते नहीं, उड़ते हैं."

मग मनात काहीतरी आलं आणि मी ते पुढे येऊ दिलं नाही. तरी जाऊन पिंजऱ्याकडे लांबून बघितलं. छताची जाळी अखंड होती. भोक नाही, काही नाही. जिवात जीव आला. मग राहिलं गेट. चारा कोण घालतो? हुसेन. लहान वय, कानात ती बांगला गाणी. गेट उघडं टाकलं असणार.

१८ सप्टेंबर, गुरुवार.

दत्ताचा वार, आणि आज हे ऐकायचं नशिबी होतं.

अर्बाब ओट्यावर बसला. आवाज चढवला नाही. "जनार्दन, गेट कौन खुला छोड़ा?"

मी चहाचा ट्रे घेऊन दारात. मला वाटलं हे हुसेनचं नाव घेणार. हे म्हणाले, "मैंने, अर्बाब. पानी देखके निकला, कड़ी लगाना भूल गया."

अर्बाबने ह्यांच्या डोळ्यांत बघितलं. मग म्हणाला, महिनाअखेरपर्यंत सगळे पक्षी, जिवंत. नाहीतर ऑक्टोबरात आमची रेसिडेंट कार्डं संपतायत, त्यावर तो सही करणार नाही. खलास.

सोनलची दहावी. इथल्या इंडियन स्कूलमधून बोर्डाचा फॉर्म भरलेला. मध्येच गावी गेलो तर वर्ष गेलं पोरीचं. मराठी माध्यमात तर ती एक परिच्छेद लिहू शकणार नाही.

एकोणीस वर्षं इमानाने काम केलं आणि एक कडी विसरले. हे पहिल्यापासून असेच. लग्नात मंगळसूत्राची डबी घरी विसरले होते. मी रागाने बोलले, "तुमच्या विसराळूपणापायी पोरीचं वाटोळं." ह्यांनी मान खाली घातली.

१९ सप्टेंबर, शुक्रवार.

ह्यांची पद्धत जमिनीवरची. गवताच्या पेंढ्या रचून वादीत, ओढ्याच्या पात्रात, आडोसा केला. समोर मका पसरला, बाजूला जाळं मातीत निजवलं, त्याची दोरी हातात. पहाटे पाखरं झाडावरून उतरली की चरत येतील आणि दोरी ओढायची.

आली. तीस पावलांवर थांबली. ह्यांनी नाक पुसायला हात हलवला आणि सगळी फडफडत गेली.

गुलजार म्हणाला, "जनार्दन भाई, आपकी खाँसी सुनके इब्री तक के परिंदे भाग गए." तो म्हणतो वर बसा. हे पाखरू आजूबाजूला बघतं, डोक्यावर बघत नाही. हे म्हणाले, वर बसून हात-पाय आखडले तर खाली यायला कोण, तुझा चाचा?

परत आले ते चिंब. दोरीने तळवे सोलवटलेत. हळद लावली. मी अजून धड बोलत नाही ह्यांच्याशी.

२० सप्टेंबर, शनिवार.

गावी मामंजींना फोन. मामंजी गणपत, वय चौऱ्यांशी, तरुणपणी सगळ्या पंचक्रोशीत रानकोंबड्यांसाठी वाघूर लावणारे. ह्यांनी सगळं सांगितलं, कार्डाचं सोडून.

"झिला, झाडार चढान बसतत ते बंदूकवाले. जाळा लावतलंस तर जमिनीरच बसाक होया. पाखराच्या आदी जावन बस, काळोखात. पाखरू जागा व्हताना थय दगडच होतो असा त्येका वाटाक होया."

"आणि खोकलो इलो तर?"

"खोकलो गिळ. आमी काय गिळलंव नाय?"

हे पुष्कळ दिवसांनी हसले.

२१ सप्टेंबर, रविवार. सर्वपित्री अमावास्या.

मी म्हटलं आज नको, पितर आज परत जातात, आज पाखरामागे लागू नये. हे म्हणाले, "मारूक जातंय काय? घराक हाडूक जातंय." तीनला उठून गेले.

सूर्य वर आला तेव्हा गाडी आली. पाठी पोत्यांत पाच टर्की, पाय बांधलेले.

वहीत वेगळं पान केलं. गेले ३४. जमिनीवरून आले ५. बाकी २९.

२३ सप्टेंबर, मंगळवार.

काल घटस्थापना केली. देवीला दुसरं काही मागितलं नाही.

गुलजारने त्याचंच खरं केलं. वादीतल्या मोठ्या झाडावर फळ्या बांधून मचाण केलं. हे झाड आपल्या उंबरासारखंच आहे, खोडालाच फळं धरतात. मी कालच त्याला म्हटलं होतं, आमच्यात ह्या झाडात दत्ताचा वास, चपला घालून चढू नको. त्याने कान पकडले. आज पहाटे चपला खाली काढून ठेवूनच चढला. खाली त्या मुंगळ्यांनी भरल्या.

जाळं फांद्यांच्या खाली टांगलेलं. पाखरं उतरून मक्यावर जमली तसं वरून सोडलं. एका फेकीत आठ.

"बोला था ना," गुलजार म्हणाला. "ऊपर वाला देखता है, नीचे वाला ढूँढता है."

हे म्हणाले, "आठ आए, मगर दो के पंख टूटे. ज़िंदा लाना है, बिरयानी नहीं बनानी."

दोघे भांडत भांडत एकाच डब्यातलं जेवले. जमीन ५, झाड ८. बाकी २१. मला पहिल्यांदा वाटलं की होईल.

२४ सप्टेंबर, बुधवार.

जमिनीवरून ३. बाकी १८.

आज एक गोष्ट केली. बरोबर केली असं वाटतंय.

ह्यांचं विसरणं मनाला पटेना, म्हणून विचारलं, खरं सांगा, गेट हुसेननेच उघडं टाकलं ना? म्हणाले, "गेट लावलेला होता. मी बघलंय." मग तुम्ही विसरलो असं का सांगितलंत? माझ्याकडे नुसते बघत राहिले आणि म्हणाले, च्या कर.

म्हणजे पोराला पाठीशी घालतायत. परक्याच्या पोराला, आणि स्वतःची पोरगी? दुपारी अर्बाब एकटाच आला, हे वादीत होते. मी चहा दिला आणि माझ्या मोडक्या हिंदीत सांगून टाकलं. साहेब, माझा माणूस खोटं बोलतो, चूक हुसेनची आहे, हा त्याच्यावर दया करतो.

अर्बाबने कप खाली ठेवला. "सोनल की माँ, तुमने देखा?"

मी म्हटलं, देखा.

बघितलं नव्हतं. पण खरंच होतं ना ते, मग बघितल्यासारखंच.

२५ सप्टेंबर, गुरुवार.

झाडावरून ५. बाकी १३. गुलजार म्हणतो पाखरांनी आता ते झाड सोडलं, शहाणी झाली.

हुसेनला अर्बाबने सांगितलं, रविवारचं तिकीट. सकाळी आमच्या पायरीशी येऊन उभा राहिला. "भाबी, गेट मैं बंद किया था. अल्लाह का कसम."

मी विचारलं, मग पक्षी कसे गेले? बहिणीचं लग्न ठरलंय, म्हणाला. मी कणीक मळत राहिले.

हे संध्याकाळी आले, त्यांना गुलजारने सांगितलेलं. ताट पुढे ठेवलं तर हात लावला नाही.

"तुका कोणी सांगितलेला बोलूक?"

मी म्हटलं, सोनलसाठी बोलले. हे उठून गेले. वीस वर्षांत भरलं ताट असं परत आलं नव्हतं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार.

कसं लिहू.

हुसेन खोलीतून बाहेर येत नाही, म्हणून परत आलेल्या पाखरांना पाणी द्यायला मी पिंजऱ्यात गेले. आत उभं राहून वर बघितलं. मी कापलं होतं तिथे माझी नाडी नाही. तिथे नवी हिरवी सुतळी, घर घर विणलेली, आधीच्या जाळीला इतकी मिळून आलेली की लांबून कळूच नये. गाठी ह्यांच्या. वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर वाढलेला माणूस, जाळ्याला गाठ मारतो ती दुहेरी. मी ओळखते.

त्या भोकाच्या खालीच टर्कींचा बसायचा दांडा आहे. तो मला पंधरा तारखेला दिसला कसा नाही?

ह्यांच्या हत्यारांच्या पेटीत नाडी सापडली. सुटलेली, नीट गुंडाळून ठेवलेली.

सकाळची चार पाखरं धरून हे परतले. मी नाडी समोर ठेवली. "कधीपासून माहीत आहे?"

"त्या बुधवारीच. हुसेन हाक मारूक इलो, तेवाच बघलंय. फाटक लावलेला आणि वरसून ह्या लोंबताहा. तुझी नाडी मी वळखूचंय नाय?"

"मग मला बोलला का नाहीत?"

"बोलान पाखरां परत येतली?"

मी भिंतीला टेकून बसले. ज्या तोंडाने ह्यांना विसराळू म्हटलं, त्याच तोंडाने देखा म्हटलं.

ह्यांनीच विचारलं, "कावळो होतो काय थय?"

"होता. पाय अडकला होता."

"मगे शिवलो?"

"वड्याला."

हे मान हलवत राहिले. मग म्हणाले, हुसेनचं काय करायचं ते तू ठरव. सांगितलंस तर अर्बाब विचारणार, जनार्दनने खोटं का सांगितलं. तो पाखरांना माफ करील, खोट्याला नाही. मी त्याला एकोणीस वर्षं ओळखतो.

जमीन १२, झाड १३. बाकी ९. आकडे लिहिते आहे, कारण दुसरं काही सुचत नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार.

देवीला कौल लावला. सातेरीच्या तसबिरीच्या काचेवर दोन ओल्या पाकळ्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. विचारलं, आई, गप्प राहू का? उजवी पडली, म्हणजे हो. परत विचारलं. उजवी. तिसऱ्यांदा, उजवी.

तिन्ही वेळा मी उजवी पाकळी सैल लावली होती.

सोनल भूगोलाचं पाठ करत होती, मोठ्याने, इंग्रजीतून. मी दाराशी उभी राहून ऐकत होते. तिने विचारलं, "आई, तू का अशी स्टँड झालीयस?" मी म्हटलं, काही नाही, वाच.

रात्री झोप नाही. हुसेनच्या खोलीतून बॅग ओढल्याचा आवाज येत होता.

२८ सप्टेंबर, रविवार.

हे पहाटे वादीत जाऊन दोन घेऊन आले. आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला. मी काही बोलले नव्हते, तरी ह्यांना कळलं होतं. दोघं अर्बाबच्या घरी गेलो. बाहेरच्या बैठकीत चटईवर बसलो.

मी सगळं सांगितलं. कावळा, कात्री, नाडी. मी गेट बघितलं नव्हतं, हेही. हुसेनवर घातलं ते खोटं. हिंदी सापडेना तिथे हे मदतीला येऊ लागले, तर अर्बाबने त्यांना हाताने थांबवलं.

"कव्वा?" त्याने विचारलं. "एक कव्वे के लिए?"

मी म्हटलं, त्या दिवशी तो कावळा माझी सासू होती.

तो हसला नाही. दाढीवरून हात फिरवत बसला. फोन काढून कुणालातरी अरबीत बोलला, हुसेनचं नाव ऐकू आलं. मग म्हणाला, हुसेन कुठे जात नाही. पुढे ह्यांच्याकडे वळला.

"जनार्दन. परिंदे उड़ गए, अल्लाह का काम. औरत ने जाली काटी, मैं समझता हूँ. लेकिन तुमने मेरी आँख में देखके बोला, गेट मैंने छोड़ा. उन्नीस साल. अब तुम बोलोगे पानी दिया, खाद दिया, तो मैं कैसे मानूँगा?"

हे माझं नाव वाचवायला खोटं बोलले, आणि ते खोटं मीच उघडं केलं.

अर्बाब म्हणाला, कार्डावर सही करतो, मुलीची परीक्षा होईपर्यंत राहा. उद्यापासून हिशोब-किल्ल्या गुलजारकडे. मार्चनंतर जा. इन्शाल्ला, गावी बरं होईल.

एवढं तरी दिलं. पाया पडावंसं वाटलं.

३० सप्टेंबर, मंगळवार.

काल किल्ल्या दिल्या. गुलजार घ्यायला तयार नव्हता, हातात घेऊन उभा राहिला. "जनार्दन भाई, ये ठीक नहीं हुआ." हे म्हणाले, "यल्ला, पाईप लीक है, देख."

हुसेनसाठी शिरा करून नेला. दाराशीच म्हटलं, माझी चूक झाली. तूप जास्त घातलं होतं, हाताला लागलं. त्याने वाटी घेतली, डोळे वर केले नाहीत.

"भाबी, एक बात बोलूँ? आप पिंजरे में मत आना."

मी बरं म्हटलं.

आज मुदत संपली. जमीन १४, झाड १३. बाकी ७. अर्बाब म्हणाला, राहू देत ते. खरीफ, इथला पावसाळा, संपला, डोंगर वाळतील. कोल्हे आहेत.

१ ऑक्टोबर, बुधवार.

सोनलला सांगितलं. आधी इंग्रजीत काहीतरी बोलली, मग मराठीत, शब्द शोधत, "म्हणजे मार्च नंतर... इथे आपण नाही? पण माझे सगळे इथे आहेत." मी तिला जवळ घ्यायला गेले तर पुस्तक छातीशी धरून सरकली. का, ते विचारलं नाही तिने. विचारेल.

संध्याकाळी मामंजींचा फोन. ह्यांनी स्पीकरवर टाकला.

"किती गावले रे?"

"सत्तावीस."

"जमिनीर किती?"

"चवदा."

"आणि त्या मुलतानवाल्याचे झाडारसून?"

"तेरा."

मामंजी एवढे हसले की ढास लागली. शेजारचं कोणीतरी पाणी घेऊन आल्याचा आवाज आला. "सांगितलंय मां तुका. जमीनच ती." मग श्वास सावरून म्हणाले, "आता घराक कदी येतलंस?"

हे म्हणाले, "मार्चात. कायमचो."

पलीकडे पाण्याचं भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग, "बरा झाला. बरा झाला माझ्या झिला." आणि फोन बंद झाला.

हे फोन ओट्यावर ठेवून पाय धुवायला गेले. नळ सोडला आणि पाय पुढे करून उभे राहिले. माती केव्हाच निघून गेली होती. पाणी केळीच्या आळ्यापर्यंत वाहत गेलं, आळं भरलं, पुढे वाळूत शिरलं. ह्यांची पाठ माझ्याकडे होती.

मी नळ बंद करा म्हटलं नाही.